झाकण न काढता

आमच्या लॅबमध्ये जुन्या वाइनची बाटली महिन्याला एखादीच येते, किस्से मात्र रोज साठतात. परदेशात वाइनमधली भेसळ पकडायला शिकले, तेव्हा वाटलं होतं, शहापुरात येऊन मोठमोठे लबाड उघडे पाडीन! पहिल्याच दिवशी शेजारच्या काकूंनी मधाची बाटली पुढे केली. "यात गूळ हाय काय, ता सांग गो!"

घरी तर वेगळाच गोंधळ. स्थळाकडच्यांनी फोनवर आईला विचारलं, "मुलगी काय करते?"

"जुन्या बाटल्या तपासते."

"अच्छा, भंगारात आहे!"

एकदा एक फार्महाऊसवाले ऐटीत शंभर वर्षांपूर्वीची फ्रेंच बाटली घेऊन आले. मी अतिनील दिवा लावला. जुना कागद त्यात मंद दिसतो. यांचं लेबल धुतलेल्या शर्टासारखं लखलखलं! आमचे मदतनीस भास्करमामा ओरडले, "म्याडम, याला नीळ लावलीय!"

अणुबॉम्बच्या चाचण्यांनंतर सिझियम नावाचं किरणोत्सारी द्रव्य हवेतून सगळ्या पिकांत उतरलं. त्याआधीच्या वाइनमध्ये ते नसतं. त्याचे किरण काचेतून बाहेर येतात, म्हणून डिटेक्टरला बंद बाटलीतली लबाडीही कळते. हे मामांना समजावलं.

"म्हंजे माज्यातबी हाय? तरीच बायको म्हणते, तुमी कवा फुटाल नेम नाय!"

मग मुरबाडचे पांडूतात्या आले, मुलाला, जयेशला घेऊन. तात्या एका साहेबाकडे आयुष्यभर स्वयंपाकी होते. निरोपाच्या दिवशी साहेबाने त्यांना अणुचाचण्यांआधीची वाइन दिली होती. ती घरात देव्हाऱ्याशेजारी ठेवलेली. पण जावई सगळ्यांसमोर म्हणाला, "सायबानं म्हाताऱ्याला गंडवलं!" तेव्हापासून बाटली खरी ठरवायला जयेश पेटला होता.

मोजणी झाली. सिझियम सापडलं! जयेश चहा आणायला गेला होता. मी हळूच म्हटलं, "तात्या, आतली वाइन तेवढी जुनी नाही हो."

तात्यांनी दाराकडे पाहिलं. "सायबाला नाव ठेवू नको गो. त्यानं दिलेली मी कवाच प्यायलो! आत जांभळाचा रस हाय. बुचावरची लाख बी माजीच. पोराला सांगू नको!"

मी खोटं लिहिणारी नव्हे. आणि हे खरं लिहिलं, तर जावई तात्यांना जन्मभर घरात मान वर करू देणार नाही. जयेशला म्हटलं, बाटली राहू दे, उद्या ये.

सकाळी चहासुद्धा न घेता लॅब उघडली, काच न् लेबल दिव्याखाली धरून पाहिलं आणि रिपोर्ट लिहिला : "काच आणि लेबल तपासले. बाटली अस्सल. साहेबांनी फसवलेले नाही."