दारामागच्या तारखा

साहेबांनी माझा अर्ज वाचलाच नाही. नुसता उलटा केला आणि त्याच्यावर चहाचा कप ठेवला.

शहापूरचं एक सरकारी कार्यालय. भर दुपार. टेबलासमोर दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. बस असं कुणी म्हटलं नाही, आणि सांगितल्याशिवाय बसायची आम्हाला सवय नव्हती. माहितीच्या अधिकाराचा कायदा नुकताच आला होता. खर्डीला एका सभेत मी त्याबद्दल ऐकलं आणि घरी येऊन अर्ज लिहिला. माझी पुतणी सोनी तापाने मेली, त्या पावसाळ्यातल्या नर्सबाईंच्या भेटींची वही आणि सोनीच्या मृत्यूची नोंद, दोन्हींची नक्कल द्या. एवढंच मागणं.

"कोणी लिहून दिलं?" साहेबांनी विचारलं.

"मीच लिवलं."

क्लार्क हसला. "साहेब, जंगलातून पण वकील यायला लागले आता."

साहेबांनी कप उचलला. अर्जावर गोल डाग राहिला. म्हणाले, "अरे, तुमच्या पाड्यांवर दर पावसाळ्यात पोरं जातात. सगळ्यांचे कागद कुठवर सांभाळायचे आम्ही? औषध पाहिजे तर औषध ने. कागद काय पोरीला उगाळून पाजणार आहेस?"

पोरगी जाऊन आठ वर्षं झाली होती. अर्जात पहिल्याच ओळीत ते लिहिलं होतं.

राग कानशिलापर्यंत आला होता, पण तोंड उघडेना. कारण त्या वहीतल्या खोट्यात माझाही हात होता.

ते आता सांगतो. आजवर सांगितलं नव्हतं.

उंबरमाळीच्या वर, डोंगरात आमचा पाडा. पावसाळ्यापुरता दर पाड्यावर एक शिकलेला माणूस आरोग्याच्या कामाला नेमायचे. आमच्यात नववी झालेला मी एकटा, म्हणून मी. नर्सबाई महिन्यातून दोनदा येणार, घरोघर ताप विचारणार, ताप असेल त्याच्या बोटाचं रक्त काचेवर घेणार, गोळ्या देणार. येऊन गेल्याची खूण म्हणून प्रत्येक घरावर लाल रंगाने तारीख टाकायची. आमच्या भिंती कारवीच्या कुडाच्या, शेणाने सारवलेल्या. त्यांच्यावर अक्षर धरत नाही. म्हणून दाराच्या फळीवर, आतल्या बाजूने.

रंगाचा डबा जड. कशाला वागवा, म्हणून बाईंनी तो माझ्याच घरी ठेवला. मग एकदा ओढ्याला पाणी आलं आणि त्या आल्या नाहीत. मी खाली आरोग्य केंद्रावर विचारायला गेलो. म्हणाल्या, "तारखा तूच टाक रे. वही मी भरते."

मला वाईट वाटलं नाही. उलट छाती फुगली. सरकारी ब्रश माझ्या हातात आला होता. त्यांच्यासारखा आकडा यावा म्हणून मी पाटीवर सराव केला. ओढा उतरला, तरी बाई आल्या नाहीत. मी तारखा टाकत राहिलो. सगळा पाडा बघत होता. कुणी काही म्हणालं नाही. मी त्यांचाच होतो.

अशाच एका दिवशी तारीख टाकायला दादाच्या घरी गेलो. वहिनी सोनीला मांडीवर घेऊन बसली होती.

"बाई नाय आल्या? पोरीचं अंग गरम हाय रे."

"येतील उद्या," मी म्हणालो. आणि दारामागे तारीख टाकली.

गोळ्या बाईंकडे. मी धावत केंद्रावर जायला हवं होतं. गेलो नाही. अजून सहा घरं रंगवायची राहिली होती.

चौथ्या दिवशी सोनीला झोळीत घालून खर्डीला दवाखान्यात नेताना ती वाटेतच गेली. अडीच वर्षांची होती.

चौकशीला डॉक्टर आले. वहिनीचा भाऊ धसईहून आला होता, तोही तिथेच. घरात अंधार, म्हणून डॉक्टरांनी माझ्या हातात बॅटरी दिली. मी दारावर उजेड धरला. डॉक्टर तारीख बघून म्हणाले, "भेट झालेली आहे. ताप असता तर बाईंनी रक्त घेतलं असतं. आईने लपवलं." आणि लिहून घेतलं, आईचा हलगर्जीपणा. वहिनीने एकदा माझ्याकडे बघितलं. मग मान खाली घातली. मी बॅटरी धरून उभा.

वहिनीच्या माहेरी, धसईच्या बाजारात ते पसरलं. हिने पोर मारली. वहिनीने माहेरी जाणं सोडलं, ते कायमचं.

हलगर्जीपणा, तो शब्द खोडायचा होता मला. म्हणून तो अर्ज.

महिन्याभराने पोस्टाने उत्तर आलं. मागितलेली माहिती त्रयस्थ व्यक्तीची व खाजगी स्वरूपाची असल्याने देता येत नाही. मी ते ओट्यावर बसून वहिनीला वाचून दाखवलं.

"त्रयस्थ म्हंजे?"

"तिराईत. परकं माणूस."

तिने सुपातल्या तांदळातला एक खडा काढून टाकला. मग म्हणाली, "सोनीचा कागद मागायला आमीच परके?"

मी म्हणालो, बाई आल्या नव्हत्या हे वहीवरून सिद्ध करू, अपील करू. तिने सूप खाली ठेवलं.

"त्या अर्जात तुझं नाव कुठं लिवलंस?"

"खाली. सही केलीय ना."

"सहीचं नाय इचारत. तारखा कोणी टाकल्या, ते लिवलंस का?"

मी हातातल्या पत्राची घडी घालू लागलो.

"आमी गप ऱ्हायलो. तुझं काम जाईल म्हणून. मला वाटलं, तू बोलशील. तू बॅटरी धरलीस."

आठ वर्षं हा दोष तिने माझ्यासाठी वाहिला होता. आणि मी काय करत होतो? बाईंना पकडून देऊन स्वतः सुटायला निघालो होतो. साहेब वही लपवत होते. मीही तेच करत होतो.

त्याच दिवशी अपील लिहिलं. पहिली ओळ: आमच्या पाड्यावरच्या दारांवरील तारखा मी स्वतः टाकल्या, नर्सबाई आल्या नव्हत्या. दुसरी ओळ: माझ्या वहिनीने ताप लपवला नाही, तिने मला सांगितला होता. खाली सगळ्या पाड्याचे अंगठे. सही फक्त माझी आणि वहिनीची. तिची सही मीच तिला शिकवली होती.

शहापूरला साहेबांनी या वेळी कागद वाचला. पूर्ण वाचला. आवाज एकदम मऊ झाला. म्हणाले, "हे घेऊन जा. वहीचं सोड, पहिला तूच आत जाशील."

समोरची खुर्ची मी ओढली आणि बसलो.

"जातो. पोच द्या."

क्लार्क साहेबांकडे बघत राहिला. शेवटी शिक्का मारला.

वही अजून मिळालेली नाही. दर वेळी नवं कारण येतं. सापडत नाही, भिजली, वाळवीने खाल्ली. दर वेळी मी पुन्हा लिहितो, आणि पहिली ओळ तीच ठेवतो. दादाने घराला नवं दार बसवलं. जुनं दार माझ्या घरात उभं आहे. तारखांची बाजू बाहेर.

माझा गुन्हा मी लिहून दिला आहे. त्यांचा त्या वहीत आहे. तो बाहेर येईपर्यंत मी त्या खुर्चीवरून उठणार नाही.