नानांना सिंह ऐकवायचा होता

उधन्याच्या आमच्या गल्लीतून त्या पहाटे टेम्पो निघाला, तेव्हा शेजारची निम्मी बिऱ्हाडं गाठोडी डोक्यावर घेऊन एस.टी. स्टँडच्या वाटेला लागली होती. चैत्र सरत आला की सुरतेतल्या खानदेशी माणसाला एकच दिशा कळते, नवापूरमार्गे पूर्वेला. आखाजी (अक्षय्य तृतीया) म्हणजे आमच्याकडे दिवाळीहून मोठा सण. लेकी माहेरी जातात, झाडांना झोके बांधतात, घरोघर पितरांची घागर भरतात. आणि आम्ही मात्र उत्तरेला, कामरेजकडे तोंड करून बसलो होतो.

"काय मास्तरीणबाई, आखाजीले गाव सोडीसन कोठे?" समोरच्या कमलाबाईंनी विचारलं.

"सिंह पाहायला," मी म्हटलं.

कमलाबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की माझी कीव करत होत्या, ते मी पाहिलं नाही. लोक काय म्हणतील याचा विचार करत बसले असते तर टेम्पो गल्लीबाहेर पडलाच नसता.

खरं तर मलाही नुसते सिंह पाहायचे नव्हते. माझ्या सासऱ्यांना, नानांना, सिंहाचा आवाज ऐकवायचा होता.

नानांचा उभा जन्म सांच्यावर (यंत्रमागावर) गेला. पारोळ्याकडून मिसरूड फुटायच्या आत सुरतेला आले आणि त्या खटाखटीत उभे राहिले ते केस पांढरे होईपर्यंत. त्या आवाजाने त्यांचे कान नेले. आधी माझ्या बांगड्या ऐकू येईनाशा झाल्या, मग दाराची कडी, मग माझी लेक सोनल. डॉक्टर म्हणाले, कानाची शीरच गेली, यंत्र लावून उपयोग नाही. मालकाने घरी बसवलं आणि नाना भिंतीकडे तोंड करून खाटेवर बसू लागले. सोनल मोठ्याने बोलली की त्यांना वाटायचं, नात रागावली. हळू बोलली तर ऐकू यायचं नाही. शेवटी तिने बोलणंच सोडलं.

त्या वर्षी त्यांनी जाहीर केलं, "आखाजीले गावले गयो का मी तठेच ऱ्हासू. आठे मी भितसारखा. कोणी बोलस ते ऐकाले येस नही."

गावातलं घर सासूबाई गेल्यापासून कुलूपबंद. शेजार पांगलेला. तिथे हा माणूस एकटा काय करणार होता? पण आमचे हे बापापुढे तोंड उघडत नाहीत. मी उघडते, पण नानांना ऐकू येत नाही. म्हणजे दोन्हीकडून पंचाईत.

वाट सोनलने काढली. मागच्या नवरात्रात गल्लीत मोठा ढोल वाजला तेव्हा नाना खाटेवरून उठून दारात आले होते. "ढोल ऐकाले उना," असं म्हणाले होते, चेहरा उजळून. सोनलच्या पुस्तकात होतं की सिंहाची गर्जना कोसभर ऐकू जाते. तिचा हिशेब सरळ होता: ढोल ऐकू येतो तर सिंह का नाही येणार? तिने पाटीवर लिहून नानांना विचारलं. नानांनी पाटी वाचली. मग म्हणाले, "सिंहना आवाज ऐकाले उना तर ऱ्हासू. नही उना तर माले गावनी बसमा बसाडी द्या."

झालं. मी कंबर कसली.

मी उधन्यातल्या मराठी शाळेत शिकवते. शाळेतला एक फाटका, भिंतीवरून उतरवलेला गुजरातचा नकाशा घरी आणला आणि फरशीवर पसरला. माझ्या टिकल्यांचं पाकीट घेऊन सोनल बसली. जिथे प्राणिसंग्रहालय, तिथे लाल टिकली. बडोदा, अहमदाबाद, आणि थेट सोरठात जुनागढ. सुरतेवर टिकली लावायची गरज नव्हती. सरथाण्याच्या बागेत आम्ही आदल्याच रविवारी जाऊन आलो होतो आणि सिंह चारी पाय वर करून झोपलेला पाहिला होता.

"तिकडचेही झोपलेले असले तर?" यांनी विचारलं. हे मार्केटचं कापड टेम्पोतून मिलमध्ये पोचवतात. उन्हाळ्यात कारागीर गावी जातात, सांचे बंद पडतात, टेम्पो उभाच असतो.

"एखादा तरी जागा असेल," मी म्हटलं.

माहेरी एस.टी.डी. बूथवरून कळवलं की या आखाजीला येत नाही.  आई पलीकडून म्हणाली, "तुना झोका बांधी ठेवस. कवय बी ये." बूथमधून बाहेर आल्यावर मला रडू आलं, ते मी रस्त्यातच आटोपलं.

तर असे आम्ही निघालो. मागे दोन गाद्या, स्टोव्ह, पाण्याचा माठ, कळण्याच्या भाकऱ्या आणि ठेचा. सासूबाईंसाठी आखाजीची छोटी घागर जुन्या लुगड्यात गुंडाळलेली. आणि नानांची कापडी पिशवी. तिच्यात त्यांनी गावी राहायला लागतील ते सगळे कपडे भरले होते. माणसाचा आमच्या सिंहावर किती विश्वास होता, ते त्या पिशवीवरून कळत होतं.

भरूचला नर्मदेच्या पुलावर ट्रकांच्या रांगेत अडकलो. उन्हाने टेम्पोचा पत्रा तव्यासारखा तापला. खिडकीशी खारी शिंग (खारे शेंगदाणे) विकणारी बाई आली. तिच्याकडून पुडे घेतले, कोमट माठातलं पाणी प्यालो आणि सोनलने नदीत नाणं टाकलं. काय मागितलं ते विचारायची गरज नव्हती.

बडोद्याची बाग मोठी देखणी. जुने वृक्ष, गार सावली, मधून नदी. सिंह जागा होता आणि शांतपणे फेऱ्या मारत होता. आम्ही नानांना जाळीसमोर उभं केलं आणि मग आमच्याकडून जे झालं ते आमच्यासारख्याच घरात होतं. कारखान्याच्या गल्लीतली माणसं आम्ही. घरी बोलतो ते सांच्यांच्या वरताण. आपण ओरडतो आहोत हेच आम्हाला कळत नाही.

"नाना, तो बघा!" हे ओरडले.

"अजून आवाज नाही केला! थांबा!" मी ओरडले.

"नाना, पुढे या!" सोनल ओरडली.

काय? काय? म्हणत नाना आमच्या तिघांच्या तोंडाकडे बघत राहिले. सिंह बिचारा मागच्या खोलीत निघून गेला. आजूबाजूची माणसं सिंह सोडून आमच्याभोवती जमली. रखवालदार धावत आला आणि मला म्हणाला, "बेन, झगडो घरे जईने करो" (बाई, भांडण घरी जाऊन करा).

नानांना शब्द ऐकू आले नाहीत, पण जमलेले चेहरे दिसले. त्यांनी धोतराचा सोगा सावरला आणि मागे न बघता टेम्पोकडे चालू लागले. "मी गाडीमाच बठस," एवढंच बोलले.

अहमदाबादला ते खरंच खाली उतरले नाहीत. आम्ही कांकरिया तलावाकाठी हिंडून आलो. पाणघोड्याने आ वासला, माकडांनी सोनलची टोपी ओढली, सिंहाने जांभई दिली. कशातच जीव नव्हता. परत आलो तर नाना पिशवी मांडीवर घेऊन बसलेले.

"इथूनच परत फिरू," हे हळूच म्हणाले. "उगाच म्हाताऱ्याची फरपट."

"अजून एक टिकली बाकी आहे," मी म्हटलं आणि पुढे जाऊन बसले. मला भीती वाटत नव्हती असं नाही. पण परत फिरणं म्हणजे नानांना बसमध्ये बसवणं, आणि ते माझ्या हाताने होणार नव्हतं.

लिंबडीच्या पुढे सगळीकडे बोडका, करडा माळ. मधूनच बाभळी, मधूनच पाण्याच्या हंड्यांच्या रांगा. एका चहाच्या टपरीशी थांबलो. नाना लांब झाडाखालच्या खाटेवर जाऊन बसले. रस्त्यावरून ट्रकांची एवढी घरघर, की हाक मारून कुणालाच ऐकू गेली नसती. यांनी टपरीशी उभं राहून नानांकडे बघत अंगठा ओठांकडे नेला. नानांनी तिकडून एक बोट दुसऱ्या बोटावर आडवं ठेवलं.

"अर्धाच म्हणतात," यांनी टपरीवाल्याला सांगितलं.

मी बघतच राहिले. "हे काय?"

"सांच्यावरची बोली," हे म्हणाले. लग्नाआधी यांनीही वडिलांशेजारी उभं राहून सांचे चालवले होते. त्या खटाखटीत कोण कुणाचं ऐकणार? तिथे सगळे हातांनीच बोलतात.

"मग घरी कधी का नाही बोललात?"

"आईने शपथ घातली होती. सांचानी बोली घरमा नको, म्हणायची. बाहेर होते ती खटखट पुरे आहे."

खरंच होतं ते. सासूबाई गेल्या, पण त्यांचा शब्द घरात तसाच राहिला होता. बापलेक दोघेही तो पाळत, एकाच घरात मुके होऊन बसले होते. मला हसावं की कपाळ बडवून घ्यावं, कळेना.

सोनलने मात्र वेळ घालवला नाही. ती पळत जाऊन नानांसमोर बसली आणि अंगठा ओठांकडे नेला. नाना दचकले. त्यांनी एकदा लेकाकडे पाहिलं, एकदा आभाळाकडे पाहिलं, बहुतेक सासूबाईंची परवानगी घ्यायला. मग त्यांचे हात सुटले. दोन बोटं फाकवली, की धागा तुटला. मिशीला पीळ दिला, की शेठ आला, कामाला लागा. तळहात उलटा केला, की बदली, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस. उलटा करून वर बोट हलवलं, की बदली आली नाही.

"बदली येस नही तवलोंग सांचा सोडता येस नही," नानांनी तिला तोंडाने समजावलं. "पाळी सरनी तरी हुभं ऱ्हावानं." (बदली येईपर्यंत, पाळी संपली तरी उभं राहायचं.)

तिथून जुनागढपर्यंत पुढच्या सीटवर मी आणि हे दोघंच होतो. मागे नातीची आणि आजोबांची शाळा भरली होती.

गिरनार दिसला तो आखाजीच्या सकाळी. धर्मशाळेच्या ओसरीवर घागर भरली. आमच्याकडे घागरीवर डांगर (खरबूज) ठेवतात. ते मिळालं नाही, तेव्हा नानांनी तिथलं पिवळंधमक केसर आंब्याचं फळ ठेवलं आणि हात जोडले. सासूबाईंना आंबा आवडायचा, असं हे म्हणाले.

ऊन कलल्यावर सक्करबागेत, जुनागढच्या प्राणिसंग्रहालयात गेलो. या वेळी कुणीच तोंडाने बोललं नाही. सोनलने दोन्ही पंजे चेहऱ्याभोवती पसरून आयाळ केली, म्हणजे सिंह. ही खूण तिची स्वतःची. मग दोन हात कानाखाली, म्हणजे झोपलाय. सिंह सावलीत पडला होता. आम्ही बाकावर बसलो आणि थांबलो. गर्दी आली नि गेली. शेजारी बसलेल्या एक काठियावाडी आजी म्हणाल्या, "सांजे बोले, बेटा" (संध्याकाळी बोलतो). मी बाक सोडायला तयार नव्हते.

बाग बंद व्हायची घंटा झाली. लोक फाटकाकडे वळले. नाना सिंहाकडे पाठ करून सोनलला काहीतरी सांगत होते. शेठ, मिशी, तुटलेला धागा, पुन्हा शेठ. आणि तेवढ्यात सिंह बोलला.

मी जन्मात असा आवाज ऐकला नव्हता. पोटातून आला आणि माझ्या पोटात शिरला. लहान मुलं आयांना बिलगली. सगळी माणसं एकदम वळली.

नाना वळले नाहीत. त्यांचे हात तसेच चालू होते. शेठ धोतरात पाय अडकून पडला, असं काहीतरी.

 एवढा रस्ता, एवढा हट्ट, माहेरचा झोका, सगळं त्या एका क्षणासाठी, आणि तो त्यांच्या पाठीमागून निघून गेला होता. यांनी खाली मान घातली.

सोनलने नानांचे हात धरले, त्यांना वळवलं. आयाळ. मग तोंडापुढे हात उघडून दाखवला. सिंह बोलला.

नानांनी सिंहाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. त्यांना समजलं. क्षणभर चेहरा विझला. मग त्यांनी नातीला हातानेच विचारलं, काय बोलला?

 सोनलने अंगठा ओठांकडे नेला.

चहा मागतोय.

नाना हसले. किती वर्षांनी, आठवत नाही. बहिऱ्या माणसाचं हसणं, त्याला माप नसतं. सिंहासाठी वळलेले सगळे लोक त्या हसण्याने पुन्हा वळले. मी आणि हे तिथेच उभे राहून रडत हसलो.

परतीच्या वाटेवर बसचा विषय कुणी काढला नाही. पण नानांची अट माझ्या डोक्यातून जात नव्हती. सिंह त्यांना ऐकू आला नव्हता, हे खरंच होतं, आणि नाना दिलेला शब्द मोडणारे नव्हते. मी त्यांना ऐकवायला निघाले होते. आम्हीच त्यांच्याशी कसं बोलावं ते शिकून परत येत होतो. पण शब्द तो शब्द.

उधन्याची गल्ली अजून रिकामी होती. गावी गेलेली माणसं परतली नव्हती, सांचे जवळजवळ सगळे बंद. यांनी गाद्या उतरवल्या, माठ उतरवला. नानांची पिशवी मात्र टेम्पोतच राहिली. तिला हात लावायचं धाडस त्यांना होईना. शेवटी नानांसमोर उभं राहून त्यांनी पिशवीकडे बोट केलं आणि मग पूर्वेला, गावच्या रस्त्याकडे.

नाना ओट्यावर बसले होते. समोर सोनल, दोन्ही हात वर धरून, तिचं बोलणं अर्धवट राहिलेलं. त्यांनी लेकाकडे पाहिलं. तळहात उलटा केला आणि वर एक बोट हलवलं.

बदली आली नाही.

मी पिशवी उचलून घरात नेली आणि नानांची धोतरं खुंटीवर टांगली.