सतरा फुटांची थाप

माझ्या मुलाच्या मित्रानं मला फ्लॉरेन्समध्ये वीस मिनिटं दिली होती. बाथरूम ब्रेक धरून.

अमेरिकेतल्या शॉमबर्गहून तीन मराठी कुटुंबं युरोपला निघणार होती. नऊ दिवस, पाच देश, आणि सामानासोबत मी. हा मित्र मूळचा नागपूरचा, ऑफिसात कसल्याशा प्रोजेक्टचा मॅनेजर. सुटीतसुद्धा त्याच्या अंगातला प्रोजेक्ट उतरत नाही. एका रविवारी दुपारी आमच्या बेसमेंटमध्ये सगळे मिसळ खायला जमले आणि त्यानं ट्रिपचं एक्सेल टीव्हीवर लावलं. ते खाली खाली सरकवत शेवटापर्यंत नेईस्तोवर माझी मिसळ दोनदा गार झाली आणि बाहेरच्या झाडाला पालवी फुटली. पिवळी ओळ म्हणजे जेवण. सगळं शीट हळद लागल्यासारखं पिवळंधम्मक. कुठल्या गावात इंडियन थाळी मिळते ते आधी शोधलं होतं, आणि मग त्या गावात देवानं किंवा माणसानं काही बघण्यासारखं ठेवलंय का ते. पिसाच्या कलत्या मनोऱ्याला हातानं टेकू दिल्याचे फोटो काढायला दीड तास. माझ्या पुतळ्याला वीस मिनिटं.

माझा पुतळा म्हणते, त्याला कारण आहे. त्याच्या नाकावर मी तीस वर्षं नोकरी केली.

मी मिरजेच्या एका शाळेत चित्रकलेची बाई होते. आमच्या कपाटात प्लॅस्टरचं एक भलंथोरलं नाक होतं, फ्लॉरेन्सच्या त्या जगप्रसिद्ध संगमरवरी पुतळ्याच्या नाकाची नक्कल. मुलं ते टेबलावर ठेवून पेन्सिलनं शेडिंग करायची. तीस वर्षांतली ती सगळी नाकं एकापुढे एक मांडली असती तर मिरजेहून कोल्हापूरला जाऊन परत येता आलं असतं. आणि दर वर्षी एखादं पोर विचारायचंच, "बाई, उरलेला माणूस कसाय?"

पहिल्या वर्षी मी खरं सांगितलं, की बाळांनो, मी तो पाहिलेला नाही. अख्ख्या वर्गाचा माझ्यावरचा विश्वास उडाला. नाकाचं शेडिंग शिकवणारी बाई आणि तिनं माणूस पाहिलेला नाही. दुसऱ्या वर्षी मी म्हटलं, पाहिलाय, कॉलेजच्या ट्रिपला गेलो होतो. झालं. पाचव्या वर्षी मी त्या पुतळ्याच्या पायाशी बसून डबा खाल्ला होता. दहाव्या वर्षी तिथल्या पहारेकऱ्यानं माझं थालीपीठ चाखून मला बंद झाल्यावरही आत बसू दिलं होतं. आणि मी रिटायर झाले तोवर त्याच्या उजव्या हातावरची शीर उडताना मी या डोळ्यांनी पाहिली होती.

तेव्हा मरायच्या आत ही थाप खरी करायची, एवढीच माझी इच्छा होती. सत्तरीला आले होते. दुसरं काही मागितलं नव्हतं. मला ना तिथलं जिलाटो आइस्क्रीम पाहिजे होतं ना स्वित्झर्लंडचा बर्फ. बर्फ मी शॉमबर्गच्या ड्राइव्हवेमध्ये पुरेसा पाहिलाय.

तर वीस मिनिटांवरून भांडायचं म्हणून मी चष्मा लावून टीव्हीपाशी गेले आणि तिकीट नीट वाचलं.

"हे चित्रांच्या गॅलरीचं तिकीट आहे," मी म्हटलं. "पुतळा इथे नाही. तो दुसऱ्या गॅलरीत आहे, वेगळ्या रस्त्यावर."

"नाही काकू, हीच मेन गॅलरी आहे," मित्र म्हणाला. "रिव्ह्यूज बघा ना किती आहेत."

"रिव्ह्यू वाचून तो पुतळा चालत येणार आहे का तिकडे?"

त्यानं फोनवर बोट फिरवलं. एकदा, दोनदा. मग त्याचं बोट थांबलं.

"ओके, माय बॅड. पण टेन्शन नका घेऊ. आपल्या गॅलरीच्या बाहेर चौकातच त्याची कॉपी उभी आहे. सेम टु सेम, सेम साइज. आणि फ्री आहे."

"फ्री?" माझी सून म्हणाली. "म्हणजे लाइन पण नाही."

माझ्या डोक्यात तर्री उकळायला लागली. एकाच शिळेतून काढलेला सतरा फुटी माणूस, तोही दुसऱ्यांनी बिघडवून टाकून दिलेल्या शिळेतून, आणि यांना काय दिसलं, तर लाइन नाही.

"उद्या तुझ्या अॅनिव्हर्सरीला बायकोच्या ऐवजी तिच्या बहिणीला ने जेवायला," मी मित्राला म्हटलं. "सेम टु सेम."

"काकू, मला बहीण नाहीये," त्याची बायको सोफ्यावरून म्हणाली.

"मग तू सुटलीस."

सगळे हसले, आणि हसल्यावर विषय मिटला असं समजून पुढच्या पिवळ्या ओळीकडे निघाले. मी टीव्हीसमोरच उभी राहिले. माझ्या पाठीआड व्हेनिसचं दुपारचं जेवण गेलं असणार. मी म्हटलं, गॅलरी बदला. मित्र म्हणाला, सकाळी बदलली तर पिसा जातं आणि दुपारी बदलली तर थाळी जाते, आणि थाळीचं नॉन-रिफंडेबल आहे. मी म्हटलं, मग मला एकटीला सोडा तिथे. तो म्हणाला, ग्रुपनं गेल्यावर असं एकेकटं कसं चालेल, काकू.

इतका वेळ माझा मुलगा कोपऱ्यात बसून फरसाण निवडून खात होता. आता तो बोलला.

"आई, पण तू तर तो पाहिलायस ना. आम्ही कोणीच नाही पाहिलेला, तरी आम्ही कॉपीवर खूश आहोत. तुझ्या एकटीच्या सेकंड टाइमसाठी सगळ्यांचा अर्धा दिवस का घालवायचा?"

त्यानं हे चेष्टेनं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. तो मनापासून म्हणत होता. पन्नाशीला टेकलेला इंजिनियर, हजारो ओळींच्या प्रोग्रॅममध्ये एक टिंब चुकलं तर शोधून काढणारा, आणि याला आईची थाप सापडली नव्हती. मला त्याचा जो काही संताप आला, की माझ्या तोंडून खरं निघून गेलं.

"मी नाही पाहिलेला. कधीच नाही. मी मिरजेची बाई, मला कोण नेणार होतं इटलीला?"

मुलानं फरसाणाची वाटी खाली ठेवली.

"तू सांगायचीस," मुलगा म्हणाला.

"सांगायचे. माझा पहिला पासपोर्ट इथे यायच्या वेळी निघाला. फॉर्म तूच भरलास. तेव्हा तुझं डोकं कुठे होतं?"

"मी विचारलं होतं तुला. तू म्हणालीस, जुना उंदरानं खाल्ला."

हे मी साफ विसरले होते. पण म्हणाले असणार. माझ्यासारखंच आहे ते वाक्य.

मित्राची बायको हसू दाबायला स्वयंपाकघराकडे पळाली. मुलगा मात्र हसला नाही.

"सहावीत माझा दात पडला होता, आठवतंय?"

"जिन्यावरून पडला होतास."

"जिन्यावरून नव्हतो पडलो. वर्गातला एक जण म्हणाला, तुझी आई थापाडी आहे. मी त्याला मारलं. मग त्यानं मला मारलं."

"मग तेव्हा जिना का सांगितलास?"

"मग काय सांगणार होतो?"

मित्रानं लॅपटॉप हळूच मिटला. त्या लांबलचक एक्सेलमध्ये याला ओळ नव्हती. उरलेली मिसळ डब्यात भरून दोन्ही कुटुंबं पाच मिनिटांत पार्किंगमधून बाहेर पडली. एरवी निरोप घ्यायला यांना दारात पाऊण तास लागतो.

त्यानंतर तीन दिवस मुलगा माझ्याशी बोलला नाही. मीही बोलले नाही. डिशवॉशरमध्ये मी भांडी अशी आदळत होते की शेजारच्या अमेरिकन बाईनं खिडकीतून डोकावून बघितलं. मला राग त्याचा होता की माझा, हे मी ठरवू दिलं नाही स्वतःला; ठरवलं असतं तर तो निम्मा झाला असता. एका दातासाठी एवढं? आणि दात दुधाचाच असणार, म्हणत होते मी मनात. सहावीत दुधाचा नसतो, हे मलाही माहीत होतं. दर वेळी तिथेच येऊन अडायचे आणि आणखी एक भांडं आदळायचे.

बुधवारी ऑफिसातून आल्यावर तो बूटसुद्धा न काढता माझ्यासमोर उभा राहिला आणि फोन पुढे केला. बरोबर गॅलरीचं तिकीट होतं. सकाळी सव्वाआठचं. एका माणसाचं.

"बाकीचे?" मी विचारलं.

"पिसाला. मी पण."

"म्हणजे मी एकटी?"

"आधी एकटीच बसली होतीस ना तिथे. गॅलरी बंद झाल्यावर."

असं बोलायला हा कुठे शिकला, असं मी विचारणार होते. तेवढ्यात तोच पुढे बोलला.

"आणि आई, परत आल्यावर मला त्याच्याबद्दल काही सांगायचं नाही."

"काहीच नाही?"

"एक शब्द नाही. फोटो काढ. त्यात तू दिसली पाहिजेस."

स्वतःच्या आईला हा असं म्हणाला. मी फोन त्याच्या हातात परत कोंबला आणि म्हटलं, मला हे कागदावर पाहिजे, या फोनमधल्या तिकिटावर माझा विश्वास नाही. तो वर गेला, थोड्या वेळानं रिकाम्या हातानं खाली आला आणि म्हणाला, प्रिंटरची शाई संपलीय.

मी स्वतः जिना चढून वर गेले आणि प्रिंटर उघडून बघितला. खरंच संपली होती.