कदम गुरुजींचं गप्प उभं राहणं

बातमी छापून आली की संपते. तिच्यामागे हिंडताना कानावर पडलेलं मात्र वहीत साचत जातं आणि चार मित्र जमले की बाहेर येतं. मिरजगावजवळच्या एका दोनशिक्षकी शाळेचं माझ्याकडे असंच बरंच साचलंय.

तिथं मी गेलो होतो भांडायलाच. शिक्षकांचं प्रशिक्षण आता मोबाईलवर असतं. व्हिडिओ चालू करून फोन कोपऱ्यात ठेवायचा आणि सर्टिफिकेट घेऊन मोकळं व्हायचं, अशी माझी खबर होती. मथळासुद्धा ठरवून गेलो होतो.

खबर खरी निघाली. तिथल्या रूपाली बाईंचा फोन तांदळाच्या डब्याला टेकून एकटाच बोलत होता. बाई वर्गात, फोनसमोर खिचडी ढवळणाऱ्या मावशी. काय चाललंय, म्हणून त्यांनाच विचारलं.

"पोरान्ला उत्तर सांगायची घाई करू नगा, आसं म्हनत्यात," मावशी म्हणाल्या. "मला तर पटतंय."

*

दुसरे शिक्षक कदम गुरुजी. ते मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीवर चढून बसायचे, कारण रेंज तिथंच. तोच व्हिडिओ ते वहीत उतरवून घेत होते. रिटायरमेंटला वर्ष राहिलेलं. आता हे शिकून काय करणार, असं मी जरा खवचटपणेच विचारलं.

"इतकी वर्षं शिकवलं," गुरुजी म्हणाले, "पण एकाही पोरानं आपणहून मला प्रश्न विचारला नाही. पाणी प्यायला जाऊ का, एवढाच. जायच्या आधी एक तरी ऐकायचाय."

माझा मथळा टाकीवरच राहिला.

*

त्या कोर्समध्ये स्वतःच्या वर्गाचा व्हिडिओ काढून पाठवायचा होता. गुरुजींनी खिडकीत फोन ठेवला, पाव तास शिकवलं आणि नंतर बघत बसले. त्यांनी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्यांनीच दिलेलं होतं. एकही सुटला नव्हता. रूपाली बाई सांगत होत्या, त्या दिवशी गुरुजींनी डबा उघडला नाही.

पाठवलेला व्हिडिओ पाहून कोर्स घेणाऱ्या ताईंचा फोन आला. त्यांनी एकच गोष्ट सांगितली. प्रश्न विचारला की मनात दहापर्यंत मोजायचं. तोवर तोंड उघडायचं नाही.

*

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी विचारलं, अंगणातलं डबकं कुठं गेलं? आणि गप्प राहिले. मग सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "हो गुरुजी!"

'समजलं का' हे गुरुजींनी विचारलंच नव्हतं. ते थांबले की 'हो' म्हणायचं, एवढं पोरांना पक्कं ठाऊक होतं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी गुरुजी पुन्हा गप्प झाले, तेव्हा दोघंजण पळत रूपाली बाईंच्या वर्गात गेले. "बाई, गुरुजी बोलंनात." बाई पाण्याचा तांब्या घेऊनच धावल्या.

*

नेमके तेव्हाच एक साहेब तपासणीला आले. फळ्याजवळ मुकाट उभे असलेले गुरुजी त्यांनी पाहिले आणि शेरा लिहिला, 'शिक्षक वर्गात निष्क्रिय.' माझं डोकं सटकलं. फोन लावून साहेबांना विचारलं, तुमच्याच ऑफिसनं लादलेलं हे प्रशिक्षण तुम्ही तरी पाहिलंय का?

"म्हणजे काय," साहेब म्हणाले. "सर्टिफिकेट आहे माझ्याकडे."

मी बातमी लिहायला घेतली. गुरुजींनी हात जोडले. खुलासे लिहिण्यात दिवस जातील आणि दिवसच तेवढे थोडे राहिलेत, म्हणाले. आयुष्यात बातमी मागे घेतली ती एवढीच.

*

हळूहळू वर्ग बोलायला लागला. डबक्याचं पाणी ऊन पितं, असं एकानं सांगितलं. तसं असेल तर रांजणाचं का पीत नाही, म्हणून दुसरा त्याच्याशी भांडला. पूर्वी गुरुजी हे भांडण मिटवून धडा पुढं नेत. आता ते खाली बसून ऐकत. पोरं एकमेकांना विचारत होती. गुरुजींना मात्र कुणीच विचारत नव्हतं.

रोज तास संपताना ते म्हणत, कुणाला मला काही विचारायचंय का? आणि मोजत. मग "बरं, उद्या." मी नगरहून फोन करायचो, आला का म्हणून. पलीकडून उत्तर यायचं, अजून नाही. असे उद्या संपत आले.

*

शेवटच्या आठवड्यात मी वर्गात मागं बसलो होतो. तास संपत आला. गुरुजींनी रोजचं विचारलं आणि थांबले. खिडकीजवळची प्रज्ञा उठली. चौथीतली पोर, वर्षभरात तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता.

"गुरुजी, तुमी आसं गप उभं ऱ्हाता तवा मनात काय करता?"

गुरुजींनी खडू खाली ठेवला. "मोजतो गं. एक ते दहा."

"आमीबी मोजतो," प्रज्ञा म्हणाली. "पन तुमी सातलाच बोलता. माझं तवर तोंडाशी आलेलं आसतं."