बुवाचा आवाज गेला तो रविवार

आमच्या घरात माझ्या तोंडाला सगळे टरकून असतात. अपवाद एकच, बुवा. बुवा म्हणजे माणूस नव्हे, माझ्या दिरांच्या जुन्या कॉम्प्युटरमधला आवाज. भावजींना लहानपणापासून दिसत नाही. पडद्यावर जे काही येईल ते हा आवाज त्यांना वाचून दाखवतो, आणि तेही इतक्या भरधाव, की लग्न होऊन मी विरारजवळच्या वटारला आले तेव्हा मला वाटलं, आतल्या खोलीत कुणीतरी फुटाणे भाजतंय. भावजींना मात्र त्यातला शब्द न् शब्द कळतो. "जरा हळू करा की त्याला," असं मी एकदा म्हटलं, तर ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही वाचताना एकेका अक्षरावर बोट ठेवता काय?" तेव्हापासून बुवाच्या बाबतीत मी गप्प बसते.

भावजी मनवेलपाड्याकडच्या एका शाळेत इतिहास शिकवतात. ते नोकरीला लागले तेव्हा शाळेतल्या भल्या लोकांनी परस्पर ठरवून टाकलं होतं, की सरांनी फक्त शिकवावं, परीक्षेचे पेपर दुसरं कुणीतरी काढेल. भावजींनी हात जोडून नकार दिला. त्या दिवसापासून आजवर प्रत्येक पेपर त्यांनी स्वतः टाइप केला, बुवाकडून वाचून घेतला, स्वतः दुरुस्त केला आणि पेन ड्राइव्हवर घालून स्वतः नेऊन दिला. पण ती दया कुठे गेलेली नाही. ती अजून स्टाफरूममध्ये खुर्ची टाकून बसलेली आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

त्यात गेल्या जूनपासून माझी लेक आठवीला, म्हणजे त्यांच्याच वर्गात. तिला वर्गात ते काका नाहीत, सर आहेत, आणि घरात पेपरचा विषय निघाला की उठून अंगणात जातात. पेपर काढायचे दिवस आले की लेकीला त्या खोलीचा उंबरासुद्धा ओलांडायची बंदी. मला मात्र मुभा होती. बुवाच्या वेगात मला एक अक्षर कळत नाही, आणि कॉम्प्युटरला मॉनिटर नव्हताच. होता, पण भावजींनी तो कधीच काढून माळ्यावर टाकायला लावला होता. "मला त्याचा उपयोग काय? उगाच वीज खातो," असं त्यांचं म्हणणं.

अँटिव्हायरस मात्र त्यांनी कधी संपू दिला नाही. शाळेच्या ऑफिसातला कॉम्प्युटर म्हणजे धर्मशाळा, कुणाचाही पेन ड्राइव्ह येतो आणि मुक्काम करून जातो. तिथून आलेला आपला पेन ड्राइव्ह तपासून घेतल्याशिवाय भावजी उघडत नाहीत. ही सवय कॉम्प्युटरची नव्हे, पानवेलीची. सासऱ्यांचा पानांचा मळा होता. आत शिरायचं तर चपला बाहेर, पाय धुवून मगच पुढे, मग तो सख्खा भाऊ असो की पान घ्यायला आलेला व्यापारी. दुसऱ्याच्या वाडीतली माती आपल्या वेलाला लागायला नको. भावजींना ते मळ्यात हात धरून फिरवायचे आणि वेलाच्या बुंध्याशी बोटं लावून शिकवायचे, कुठला निरोगी आणि कुठला आतून मऊ पडलाय. एखाद्या वेलाला कूज लागलेली दिसली, की तो तर उपटायचेच, पण दोन्ही बाजूंचे चांगले, हिरवेगार वेलही काढायचे. लहानपणी भावजी एकदा त्यावरून रडले होते म्हणे.

आता मळा नाही, चार केळी आणि चाफा उरलाय. पण दर महिन्याला अख्खा कॉम्प्युटर तपासायला लावून भावजी त्याच्याशेजारी वाल सोलत बसतात. मशीन इतकं जुनं, की एका तपासणीत दुपार सरते आणि वालांची परात भरते. त्या उसळीला मी अँटिव्हायरसची उसळ म्हणते.

या वर्षी त्या अँटिव्हायरसनं कळवलं, की इतक्या जुन्या कॉम्प्युटरवर आपण यापुढे चालणार नाही. नवा कॉम्प्युटर घ्या, असं सगळ्यांनी सुचवलं. पण बुवाही तितकाच जुना, तो नव्या कॉम्प्युटरवर येत नाही, आणि बुवाशिवाय भावजी येत नाहीत. शेवटी विरार स्टेशनजवळच्या एका दुकानदारानं जुन्या मशीनवर चालेल असा दुसरा अँटिव्हायरस दिला. मी ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरवर असते, त्यामुळे तो घालायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

तो रविवार होता आणि सोमवारी सहामाहीचा पेपर शाळेत द्यायचा होता. मी म्हटलं होतं, पेपर देऊन या, मग बघू. पण जुन्याची मुदत संपत होती, आणि कुंपणाशिवाय वाडी एक रात्रही ठेवायची नाही, हा भावजींचा हट्ट. मग जुना काढला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, नवा घातला. नंतर अपडेट. ते असं रांगत होतं, की तेवढ्यात मी बोंबील साफ करून आले. मग तपासणी सुरू झाली. मधूनमधून तो काहीतरी विचारायचा, बुवा वाचायचा, भावजी मला सांगायचे आणि मी "हो म्हणा, हो म्हणा" करत होते, कारण तव्यावर तेल तापलं होतं. तपासणी चालू असताना भावजींनी आपला पेपर उघडला आणि शेवटचा हात फिरवायला घेतला. बुवा सुटला. आणि एका शब्दाच्या मध्यावर गप्प झाला.

इतकी शांतता त्या खोलीत मी कधी ऐकली नव्हती. भावजींनी एक बटण दाबलं, मग दुसरं. काही नाही.

"वहिनी," ते म्हणाले, "बुवा गेला."

काय झालं ते मला लगेच उमगलं. तुम्ही दाबलेलं प्रत्येक बटण टिपणारा आणि पडद्यावरचं सगळं वाचणारा प्रोग्रॅम दिसला, की अँटिव्हायरस त्याला चोर समजतो. बुवा नेमकं तेच करतो, तेच तर त्याचं काम. जुना अँटिव्हायरस त्याला ओळखत होता. नव्यानं पाहिलं, आणि धरून कोठडीत टाकलं. मी त्या अँटिव्हायरसचा, दुकानदाराचा आणि दुकानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

"ओरडू नका," भावजी म्हणाले. "त्यानं त्याचं काम केलं. त्याला काय ठाऊक, हा घरचा माणूस हाय?"

ते हे शांतपणे म्हणाले, पण त्यांची बोटं बटणांवरून हलत नव्हती. त्यांचा फोनही असाच वाचून दाखवतो, पण पेपर कॉम्प्युटरमध्ये अडकला होता. सोमवारी ते रिकाम्या हातानं गेले असते, तर कुणी रागावलं नसतं. तीच तर भीती होती. "असू दे सर, आम्ही काढतो," असं म्हणून कुणीतरी खुर्चीतून उठलं असतं, आणि एकदा दुसऱ्याच्या हातात गेलेला पेपर परत आला नसता.

"मी मॉनिटर लावते, मला दिसेल," मी म्हटलं.

"पेपर उघडा हाय, वहिनी. कोनी बगायचा नाय."

दारात माझी सासू उभी होती. तिनं तोडगा काढला. "मना वाचता येत नाय. मी बगते नं!"

"आई, वाचता येत नाय तर तू मला सांगशील काय?" भावजी म्हणाले, आणि त्या तसल्या वेळी आम्ही तिघंही हसलो.

शेवटी मी माळ्यावर चढले. सतरंजीत गुंडाळलेला मॉनिटर खाली आणला, पुसला, वायरी जोडल्या. भावजींनी अट घातली, की मी डोळे मिटायचे, ते पेपर बाजूला सारतील आणि सांगतील तेव्हाच उघडायचे. बुवाशिवायही बटणं त्यांना पाठ होती. मी डोळे मिटून उभी राहिले. टकटक झाली.

"उघडा."

उघडले, तर पेपर समोरच. अँटिव्हायरसची एक चौकट मध्येच तरंगत होती, आणि भावजींनी दाबलेलं बटण तिनं गिळलं होतं. मी झटकन मान फिरवली, पण डोळा आपलं काम करून बसला होता. "तुमच्या घराजवळच्या मिठागरावर सत्याग्रह झाला असता, तर तुमच्या घरातून कोण..." एवढं मी वाचलं होतं.

खोटं बोलले असते तर त्यांना कळायला मार्ग नव्हता. पण त्या माणसासमोर ते जमत नाही.

"दिसलं," मी म्हटलं. "एक प्रश्न. तोही अर्धाच."

भावजींनी खुर्ची सरकवून मला जागा करून दिली. मग म्हणाले, "बरं. आधी बुवाला सोडवा."

मान वळवूनच मी ती चौकट घालवली आणि भावजींनी पेपर बंद केला. मग मी अँटिव्हायरस उघडून बघितलं. संशयितांना वेगळं ठेवायची त्याची एक जागा असते. करोनात आपण सगळे शिकलो तो शब्द तिथेही होता, क्वारंटाइन. त्यात एकटा बुवा बसला होता. त्याला परत जागेवर ठेवलं, हा घरचा आहे, याला पुन्हा हात लावायचा नाही, असं त्या नव्या पाहुण्याला बजावून ठेवलं, आणि कॉम्प्युटर बंद करून चालू केला. जुनं मशीन घुरघुरत राहिलं. भावजी दोन्ही हात मांडीवर ठेवून, मान जराशी वाकडी करून बसले होते. आणि फुटाणे फुटले. भावजींचा चेहरा असा उजळला, की मला पदर डोळ्यांना लावावा लागला. बोंबील करपले होते, पण त्या दिवशी त्यावरून मला कुणी काही बोललं नाही.

मी मॉनिटरची वायर काढत होते, तेवढ्यात भावजींनी पेपर उघडला, सगळा निवडला आणि पुसून टाकला. बुवानं ते वाचलं तेव्हा बहुधा प्रथमच मला त्याचा एक शब्द कळला, डिलीट.

"अहो, हे काय केलंत? माझ्यावर विश्वास नाही?" माझा पारा चढलाच. "मी लेकीला सांगेन असं वाटतं तुम्हाला?"

"तुमच्यावर पुरा विश्वास हाय, वहिनी. तुम्ही नाय सांगणार."

"मग अर्ध्या प्रश्नासाठी अख्खा चांगला पेपर?"

"बाबा शेजारचे वेल काढायचे, ते काय वाईट होते म्हणून?" ते म्हणाले. "उद्या पोरीला चांगले मार्क पडले आणि कोनी बोट दाखवलं, तर तुमच्याकडे उत्तर पायजे. तिचे मार्क तिचेच असू देत."

मी मॉनिटर पुन्हा सतरंजीत गुंडाळला. दिवेलागण होईपर्यंत ते नवा पेपर लिहीत होते. मी दारात चहा ठेवला आणि आवाज न करता परत फिरले. इतकी वर्षं मला वाटायचं, हा माणूस फार सोसतो. त्या संध्याकाळी कळलं, की तो सोसत नाही, निवडतो. मला त्याचा हेवा वाटला, खरंच वाटला. सोमवारी पेन ड्राइव्ह खिशात घालून ते नेहमीसारखे गेले.

परीक्षा झाल्यावर लेकीनं पेपर घरी आणला. तो मिठागराचा प्रश्न त्यात कुठेच नव्हता. संध्याकाळी ओट्यावर भावजींनी तो लेकीला तोंडी विचारला. "आपल्या इथल्या मिठागरावर सत्याग्रह झाला असता, तर आपल्या घरातून कोण गेलं असतं, आणि का?" इतका सुंदर प्रश्न त्यांनी माझ्यापायी पुसला होता. लेक क्षणभरही थांबली नाही. "तुम्ही, काका. आई गेली असती तर पोलिसांनाच मार बसला असता."

इतिहासात तिला वर्गात सर्वांत जास्त मार्क पडले. निकालाच्या दिवशी शाळेच्या फाटकाशी एका मुलीची आई सगळ्यांच्या देखत मला हसून म्हणाली, "तुमचं बरंय. पेपर काढणारे घरचेच."

लेकीनं माझा हात घट्ट धरला. आता आई काय बोलणार, या भीतीनं धरला होता. माझ्या तोंडात काय काय आलं होतं ते लिहिण्यासारखं नाही. पण मला आवाज चढवावा लागला नाही.

"मला त्यातला अर्धा प्रश्न दिसला होता," मी म्हटलं. "म्हणून त्यांनी तो पेपर टाकून दिला आणि दुसरा काढला."

लेकीनं माझा हात सोडला, आपला निकाल माझ्याकडून मागून घेतला आणि स्वतःच्या हातात धरून रस्ताभर पुढे चालत राहिली.