नबीलच्या आत्याचं पत्र

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बाबांनाही नाही — आणि आता सांगायला ते राहिलेही नाहीत. तुम्हाला का सांगतेय? खरंच माहीत नाही. मागच्या आठवड्यात माझा भाऊ सालोमनदादा येऊन गेला, तेव्हापासून हे पोटात ठेवणं जमत नाही, एवढं खरं.

आम्ही बेने इस्राएल. म्हणजे ज्यू, पण कोकणातले. आडनावाच्या शेवटी 'कर', घरात मराठी. वाशीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये पहिली दोन वर्षं कोणाला पत्ताच नव्हता. दादा इस्रायलला गेला, लोद नावाच्या गावात कारखान्यात लागला. इथे मी आणि बाबा. मी जवळच पावणे गावातल्या एका औषध कंपनीत, लॅबमध्ये. तिथेच नबील ट्रेनिंगला आला — पॅलेस्टिनी, अम्मानहून मुंबईत शिकायला आलेला. खोलीही त्याला आमच्याच तळमजल्यावर मिळाली. आमच्या चौकटीवरची मेझुझा, म्हणजे ज्यू घराची खूण असलेली प्रार्थनेची डबी, बघून तो जिन्यातच थबकला. बाबांनी काय करावं? "ये, चहा घे," म्हणाले. चक्क मराठीत.

मग दर रविवारी दोघांची जुंपायची, मोडक्यातोडक्या हिंदीत. बाबा म्हणायचे, होईल रे, तुमचं नि इस्रायलचं एक दिवस जमेल. नबील म्हणायचा, अंकल, तुम्ही फार भोळे आहात. आणि एका रविवारी तो पाकीट घेऊन आला. त्याची आत्या, जमीला — तो जन्मायच्या आधीच्या लढाईत सगळं घर पळालं, ती एकटी लोदमध्ये मागे राहिली. अम्मानहून तिकडे टपाल जात नाही, रस्त्यांची नावं बदललेली. खूण एवढीच, मशिदीमागे, पिठाच्या गिरणीशेजारी. पत्रात काय होतं? तुझा भाऊ जिवंत आहे. बस, एवढंच.

"तुमच्या मुलाने हे तिच्या हातात दिलं," तो बाबांना म्हणाला, "तर मी मानीन. शांतता होऊ शकते, हे मानीन."

बाबांना डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं. दादाला पत्र लिहायची मी, त्याचं आलेलं वाचून दाखवायची मी. पाकीट माझ्याकडे आलं.

आणि मी ते पाठवलं नाही.

तेव्हा स्वतःला म्हणाले, तिकडे टपाल फोडून बघत असतील, दादा उगाच गोत्यात यायचा. पटण्यासारखं होतं ना? मलाही पटलं. पाकीट कपाटात साड्यांच्या खाली गेलं. नबील रोज जिन्यात विचारायचा, काही आलं का? मी म्हणायची, अजून नाही. मग लेबनॉनमधल्या पॅलेस्टिनी निर्वासितांच्या छावण्यांची बातमी आली — बायका, मुलं, सगळी कापून काढलेली. पेपर हातात धरून नबील जिन्याच्या पायरीवर बसला होता. कंपनीत गेला नाही, जेवला नाही. बाबांनी हाताला धरून त्याला वर आणलं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं — "पहुँच गया, नबील. दादाने खुद दिया."

एवढ्यावर थांबले असते तरी… पण नाही. आत्या रडली म्हणे. पाकीट डोळ्यांना लावलं म्हणे. लिहिता येत नाही तिला, पण आशीर्वाद कळवलाय. कुठून सुचत गेलं मला हे सगळं? नबील हमसून हमसून रडला. बाबा उठलेच. म्हणाले, मलिदा करायचा.

मलिदा म्हणजे आमच्यात पोहे भिजवून त्यात साखर आणि नारळ घालतात, वर फळं मांडतात, एलियाहू हन्नाबी या आमच्या प्रेषिताची प्रार्थना म्हणतात. देवाचे आभार मानायला. नारळ मी खवला. ताट मी मांडलं. बाबा हिब्रूत प्रार्थना म्हणत होते, नबील डोक्याला रुमाल बांधून शेजारी बसला होता, आणि दोघांचे चेहरे असे फुललेले. प्रसादही मीच वाटला. होस्टेलवरच्या आपल्या पॅलेस्टिनी मित्रांशी तो पुढे भांडायचा, शांतता होऊ शकते, ते पत्र पोचलं म्हणून. बाबा मरेपर्यंत येईल-जाईल त्याला ही गोष्ट सांगायचे.

बाबांना जाऊन वर्ष झालं म्हणून दादा आला. मी कोथिंबीर निवडत होते. तो सहज म्हणाला, तिकडे कोथिंबिरीचे फार हाल. आमच्या गावात एकच म्हातारी द्यायची, मशिदीमागे, गिरणीपाशी. जमीला. आपल्या सगळ्या बायका तिच्याकडेच जायच्या.

मी विचारलं, अजून देते का ती?

"मागच्या वर्षी गेली बिचारी," दादा म्हणाला. "भेटेल त्याला विचारायची, माझा भाऊ लढाईत कुठे गेला, जिवंत तरी आहे का. आम्ही काय सांगणार, कप्पाळ?"

पाकीट कपाटात गेल्यापासून पाच वर्षं, बाई गं. दर आठवड्याला माझा सख्खा भाऊ तिच्यासमोर पिशवी धरून उभा होता. कोण फोडणार होतं ते पत्र? कसलं गोत्यात येणं?

आणि भीती नव्हतीच ती. भीती असती तर मी पाकीट नबीलला परत दिलं असतं. ज्या दिवशी ते हातात आलं, त्याच दिवशी दादाचं पत्र आलं होतं — मला लेबनॉनच्या लढाईवर बोलावलंय. माझं डोकं फिरलं. हे लोक माझ्या भावावर गोळ्या झाडणार आणि मी यांची पत्रं पोचवू? असं वाटलं मला. रोज आमच्याकडे चहा पिणाऱ्या मुलाबद्दल.

आता टीव्हीवर दगड मारणारी तिकडची पॅलेस्टिनी पोरं दिसतात, त्यांच्यासमोर बंदुका घेतलेली दादाच्या मुलाच्या वयाची पोरं दिसतात. शेजारपाजारचे विचारतात, हे कधी थांबणार हो, तुम्हाला काय वाटतं? मी उठून आत जाते.

दादाला मी काही बोलले नाही. पाकीट अजून साड्यांच्या खाली आहे. नबील केव्हाच अम्मानला परतलाय, परवा त्याचं पत्र आलंय. त्याला मुलगी झाली, नाव जमीला ठेवलंय. तिचा फोटो पाठवलाय, आत्याला पोचवा म्हणून.