चहावर तरंग उठता कामा नये

मुलांनो, स्वतःच्या बोटांवर इतका उदार झालेला दुसरा माणूस या जगात नसेल, अशी तुमच्या कुंपणापलीकडच्या आजोबांबद्दल माझी दोन वर्षं ठाम समजूत होती. तुम्हाला ते आठवत असतील. मागच्या खेपेला शर्टाच्या खिशात पाना घेऊन आपल्याकडे जेवायला बसले होते, तेच. भिवपुरीच्या वीजकेंद्रात यंत्रांची देखभाल करण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर त्यांनी कर्जतला आपल्या शेजारी घर घेतलं आणि तेव्हापासून आसपासच्या एकाही यंत्राला सुखाने चालू दिलेलं नाही. माझा मिक्सर त्यांनी सुधारला. तो आता बंद करायचा तर भिंतीवरचं बटण दाबावं लागतं. फाटकाची कडी सुधारली. त्यानंतर दोन दिवस पेपरवाला पेपर भिंतीवरून टाकत होता. "वहिनी, एखादी वस्तू चांगली चालतेय म्हणजे तिच्याकडे अजून कोणी नीट पाहिलेलं नाही," असं त्यांचं म्हणणं.

तुमचे आजोबा आणि ते मिळून लाकूडकाम करायचे. दोन मुठींची एक जुनी करवत होती. एका टोकाला तुमचे आजोबा, दुसऱ्या टोकाला ते, म्हणजे माझे भाऊजी. कापण्यापेक्षा थांबून वाद घालण्यात त्यांचा वेळ जास्त जाई. परसातला फणस वादळात पडला तेव्हा वखारीतून त्याच्या जाड फळ्या काढून आणल्या आणि तुम्हा दोघांसाठी दोन पाट करायचे, असं त्यांनी ठरवलं. पाट व्हायच्या आत तुमचे आजोबा गेले. वर्षश्राद्ध झालं आणि पुढच्याच आठवड्यात टेंपोतून भाऊजींच्या दारात एक यंत्र उतरलं. चौक गावच्या एका गॅरेजवाल्याने ते हौसेने घेतलं होतं आणि आता काढून टाकत होता. टेंपोबरोबर तो स्वतः आला होता. मी विचारलं, इतक्या स्वस्तात का देताय? तो म्हणाला, "आजी, मशीन चालू हाय. मलाच त्याची भीती वाटते."

त्या यंत्राला बँडसॉ म्हणतात. वर एक चाक, खाली एक चाक आणि दोन्हींवरून गरगर फिरणारी दातेरी पोलादी पट्टी. लाकूड हाताने पुढे सरकवायचं आणि हात वेळेवर मागे घ्यायचा, एवढीच त्यात कला. सोबत इंग्रजी माहितीपुस्तक होतं, प्लॅस्टिकच्या पिशवीतून कधी बाहेरच न काढलेलं. अक्षर बारीक म्हणून भाऊजींनी ते मला वाचून दाखवायला सांगितलं, आणि माझ्या झोपेचं तिथेच वाटोळं झालं. पहिली सहा पानं नुसत्या धोक्याच्या सूचना. सैल बाह्या नकोत, अंगठ्या नकोत, केस मोकळे नकोत, पट्टी तुटून उडू शकते, हात कधीही पट्टीच्या रेषेत नको. मी एकेक वाक्य मराठीत सांगत होते आणि भाऊजी डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं, पेंगताहेत.

मग सुधारणा सुरू झाल्या. चाकांवरचं रबर उतरवून नवं चिकटवलं. पट्टी डुगडुगते म्हणून तिच्या दोन्ही बाजूंना बेअरिंग बसवली. पत्र्याचं टेबल काढून जाड लोखंडी तक्ता घातला. गुडघ्याने ढकललं की यंत्र बंद पडेल असं एक लाल फळकूट लावलं. ते इतकं हलकं लागलं की मांजर घासून गेलं तरी यंत्र थांबायचं. पट्टी किती ताणायची, हे म्हणे तिला बोटाने छेडून, सूर ऐकून कळतं. त्यामुळे आठवड्यातून एकदा कुंपणापलीकडून हाक यायची, "वहिनी, काळी दोन द्या." मी पेटी काढून सूर धरायचा आणि पलीकडे ते पट्टी छेडत, चावी पिळत बसायचे. आणि शेवटची परीक्षा चहाची. काठोकाठ भरलेला कप टेबलावर ठेवायचा आणि यंत्र सुरू करायचं. चहावर तरंग उठता कामा नये. उठला की पुन्हा सगळं खोला.

रोज संध्याकाळी तासभर ते यंत्र पलीकडे गुरगुरायचं, आणि तो तासभर मी इकडे एका जागी बसू शकायची नाही. आवाज सुरू असला की भीती आणि मध्येच थांबला की जास्त भीती. त्यांच्या पुण्याच्या लेकीने मला फोन करून बजावलं होतं, "काकू, लक्ष ठेवा. बाबांचं एक बोट जरी कापलं गेलं, तरी मी त्यांना इकडे घेऊन येणार. घर विकणार आणि ते मशीन भंगारात." ती चुकीचं बोलत नव्हती. पण त्या दिवसापासून मला एकाऐवजी दोन भीती झाल्या. कुंपणापलीकडे कुलूप असलेली संध्याकाळ मी कधी डोळ्यांसमोर आणली नव्हती. आता ती रोज यायची.

तुम्हाला तुमची आजी ठाऊकच आहे. मी तयारीला लागले. फ्रिजवर दवाखान्याचा आणि रिक्षावाल्याचा नंबर लावला. तुटलेलं बोट बर्फातून न्यावं लागतं असं वाचलं होतं, म्हणून फ्रीझरमध्ये बर्फाचा एक डबा कायमचा राखून ठेवला आणि त्यावर चिठ्ठी लावली, 'भाऊजी – तातडीचे'. संध्याकाळी कुंपणावरून चहा द्यायचा तो मुद्दाम बशीसकट, म्हणजे दोन्ही हात पुढे येतात. मी बोटं मोजायची आणि आत येऊन डायरीत लिहायची: दहा. एकदा पट्टीचं ग्रीस लागलेली करंगळी काळी दिसली, तेव्हा माझ्या हातून किटली सुटली.

दोन्ही घरची झाडलोट करणारी आमची बाई भिवपुरीकडच्या एका गावाहून येते. तिला कशाचीच भीती वाटत नाही. एक दिवस केरसुणी आपटत ती म्हणाली, "आजी, एक इचारू? पलीकडं मशीन रोज बोंबलतंय, पन माज्या केरात भुसा कसा नाय?" मी म्हटलं, ते स्वतः झाडत असतील. ती म्हणाली, "ते? चहाचा कप उचलत नायत." मीही कुंड्यांसाठी भुसा मागितला होता, आणि पुढच्या आठवड्यात देतो, असं वर्षभर ऐकत होते. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

खंडेनवमीला भाऊजींनी यंत्राला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली आणि मला बोलावलं. फणसाची फळी तयार होती. "आज पाट कापायचा. लांब फळी आहे, दुसरं टोक धरायला कोणीतरी हवं." नाही म्हणण्याइतकं धैर्यही माझ्यात नव्हतं. माळ आधी काढा, एवढं मात्र मी सांगितलं. पदर खोचला, बांगड्या काढल्या, टोक धरलं. यंत्र सुरू झालं. चहावर तरंग नव्हता. फळी सरकली, पट्टी लाकडाला लागली, आवाज बदलला, आणि मी डोळे घट्ट मिटून घेतले. दोन श्वास गेले असतील नसतील, बंदुकीसारखा आवाज झाला आणि मग सगळं शांत.

मला डोळे उघडवेनात. आता दहा नसणार, एवढंच मनात. नऊ की आठ, लेकीला काय सांगू, बर्फाचा डबा.

"वहिनी," भाऊजींचा आवाज आला, अगदी बारीक. "माझी बोटं तेवढी मोजता? मीही डोळे मिटलेत."

पट्टी तुटून यंत्राच्या झाकणाआतच अडकली होती. बोटं दहा होती. दोनदा मोजली. फळीवर जेमतेम नखभर खाच पडली होती. दोन वर्षांत त्या यंत्राने कापलेलं तेवढंच लाकूड. ते खाली स्टुलावर बसले.

"तुम्ही ती सहा पानं वाचलीत ना, त्या दिवसापासून माझा हात पुढे जात नाही," ते म्हणाले. "दोन वर्षं सुधारत होतो, कापायची वेळ येऊ नये म्हणून. यंत्र घेतलं तरी कशाला? करवतीचं दुसरं टोक धरायला कोणी उरलं नाही म्हणून."

 भिंतीवर दोन मुठींची करवत टांगलेली होती. ती मी काढली आणि एक मूठ त्यांच्यापुढे केली. मला ओढता येत नाही; मी ढकलते, ते रागावतात, "वहिनी, ढकलायचं नाही, सोडायचं," आणि आम्ही थांबतो. दिवसाला बोटभर काम होतं. बाईच्या केरात आता भुसा येतो आणि ती त्यावरून मला बोलते. बँडसॉच्या टेबलावर आम्ही चहा ठेवतो. इतकं स्थिर टेबल आख्ख्या रायगडात नसेल. बर्फाच्या डब्याची चिठ्ठी मी काढलेली नाही, आणि लेकीचा फोन आला की अजूनही सांगते, दहा.

मुलांनो, पहिला पाट झाला आहे. एक कोपरा थोडा तिरका आहे, तिथे मी ढकललं होतं. दुसरा अर्ध्यावर आला आहे. गेले काही दिवस मीच आधी म्हणते, भाऊजी, आज एवढंच पुरे. ते लगेच करवत खाली ठेवतात. फणसाची फळी आता थोडीच उरली आहे.